खंडजोड पात्रें : कला कीं कसरत ?

आमच्या टीकाकारांच्या लेखणींत 'कातीव' हा शब्द मोठ्या मानानें नांदत आलेला आहे. मूर्तीचें नाक कातीव, जुन्या देवळाचा खांब कातीव, एखाद्या निबंधकाराची वाक्यरचनाही कातीव. ज्या धंद्यांतून हा शब्द आला त्या कातार्‍याच्या धंद्याकडे मात्र आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं डोळे उघडून पाहिलें असेल. लाटणें, भोंवरा, पलंगाचे खूर, पाळण्याचे दांडे हीं सारीं त्याच्याच हातचीं. पण त्यांना कोणी कलाकृति म्हणत नाहीं. सावंतवाडीचीं लाखेनें रंगविलेलीं खेळणीं घरांत येतात, मुलें त्यांच्याशीं चार दिवस खेळतात आणि मग तीं माळ्यावर जातात. तेव्हां कातकामावर टीकालेख लिहावयास आम्ही बसलों आहों हें पाहून कांहीं वाचकांस नवल वाटल्यास तें साहजिक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या वस्तूवर माणसानें आपली बुद्धि, धीर आणि हौस खर्ची घातली आहे, ती शब्दांची असो वा लांकडाची असो, तिची परीक्षा झाली पाहिजे. नुसत्या 'वाहवा'नें तिचा अपमानच होतो.

अमेरिकेंत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लेथवर कातलेलें लांकडी पात्र स्वयंपाकघरांतून उठून पदार्थसंग्रहालयाच्या कांचेआड जाऊन बसलें. १९८६ सालीं तेथील कातार्‍यांची 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' ही राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्यांत पोटासाठीं कातणार्‍यांपेक्षां हौसेखातर कातणारेच पुष्कळ. ह्या मंडळींत एक पंथ असा आहे कीं, तो अखंड लांकडाला हत्यारच लावीत नाहीं. तो आधीं लांकडाचे शेंकडों, क्वचित् हजारों लहान तुकडे करितो, ते सरसानें जोडून त्यांचीं कडीं बनवितो, कड्यावर कडें रचून एक ओबडधोबड मनोरा उभारतो, आणि मग तो मनोरा लेथवर चढवून त्यांतून घडा, वाडगा किंवा सुरई कातून काढितो. ह्या घडणीस आम्ही 'खंडजोड' म्हणतों. याहून सोपें नांव आम्हांस सुचलें नाहीं. कॅलिफोर्नियांतील माल्कम टिबेट्स यांनीं २००५ सालीं ह्या विद्येवर इंग्रजींत एक सविस्तर पुस्तक लिहिलें. त्याच्या नांवांत त्यांनीं 'आर्ट' हा शब्द बेधडक घातला आहे. प्रस्तुत लेखाचा वाद त्या एका शब्दापुरताच आहे.

वाद घालण्यापूर्वीं घडण समजून घेतली पाहिजे, कारण ह्या कलेचें निम्में काव्य तिच्या भूमितींत आहे. बारा तुकड्यांचें कडें करावयाचें म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या वांट्यास वर्तुळाचे तीस अंश येतात. म्हणून त्याचें प्रत्येक टोंक पंधरा अंशांत कापावें लागतें. बारा तुकड्यांचे काप चोवीस. आतां करवत एका अंशाच्या केवळ दहाव्या हिश्शानें चुकली असें समजा. एका तुकड्यांत ती चूक डोळ्यांस दिसणार नाहीं. परंतु चोवीस वेळां तीच चूक होऊन शेवटचा तुकडा पहिल्यास मिळावयास येतो, तेव्हां मध्यें जवळजवळ अडीच अंशांची फट आ वासून उभी असते. सरस भरून ती बुजविणारा कारागीर स्वतःलाच फसवितो. जाणते लोक एक युक्ति करितात. ते पुरें कडें एकदम न चिकटवितां दोन अर्धीं कडीं करितात आणि त्या अर्ध्यांच्या टोंकांना सपाट घासून मगच त्यांची गांठ घालतात. सगळी सांचलेली चूक त्या दोन ठिकाणीं घासून निघते. ही युक्ति आम्हांस फार आवडली. चूक होणार हें गृहीत धरून तिला कोठें आणून सोडावयाचें हें आधींच ठरविणें, ह्यांत यंत्राहून शहाणपणाचा भाग अधिक आहे.

एक कडें झालें कीं त्यावर दुसरें. पण भिंतींतल्या विटांप्रमाणें खालचा सांधा वरच्या तुकड्याच्या मध्यावर येईल असें अर्ध्या तुकड्यानें फिरवून. चोवीस तुकड्यांचीं वीस कडीं रचलीं तर चारशेंऐशीं तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याचे धागे परिघाच्या दिशेनें धांवतात, त्यामुळें कातणार्‍याच्या हत्याराला चहूंबाजूंनीं लांकडाची आडवी कूस मिळते. अखंड लांकडाच्या वाडग्यांत हत्यार दर फेर्‍याला दोनदां धाग्यांच्या तोंडावर आपटतें. येथें ती आपटाआपट नाहीं. म्हणजे जें काम पाहणार्‍यास अतिशय अवघड दिसतें, त्यांतील लेथवरचा भाग तुलनेनें सोपा, आणि खरें तप त्या आधींचें, मोजमापाचें व सरसाचें आहे. अलीकडे तर सर्व आंखणी संगणकावर होते. कोणत्या कड्यांत कोणत्या रंगाचा तुकडा कितव्या जागीं बसेल हें लांकडाला स्पर्श होण्यापूर्वींच ठरलेलें असतें.

ही कल्पना अमेरिकेंत प्रथम जन्मली असें मात्र कोणीं समजूं नये. नक्षी वरून न रंगवितां वस्तूच्या अंगांतच भरावयाची ही कल्पना जुनी आहे, आणि तिची एक शाखा आमच्या दाराशींच होती. लांकूड, हस्तिदंत, शिंग व कथील यांच्या बारीक कांड्या एकत्र चिकटवून त्यांची जुडी करावयाची, तिचे पातळ काप काढावयाचे, आणि प्रत्येक कापांत आपोआप उमटलेली चांदणी पेटीच्या अंगावर बसवावयाची, ह्या कामास सादेली म्हणतात. इराणांतून सिंधमार्गें तें सुरतेस व मुंबईस आलें. एकोणिसाव्या शतकांत ह्या पेट्यांना इंग्रज गिर्‍हाईक 'बॉम्बे बॉक्स' म्हणूं लागलें, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांतही त्या मांडल्या गेल्या. इंग्लंडांत केंट परगण्यांतील टनब्रिज वेल्स येथें त्याच शतकाच्या पूर्वार्धांत रंगीबेरंगी कांड्यांची जुडी करून ती थेट लेथवर कातण्याची चाल पडली होती. आजचा खंडजोड कातारी ह्या दोघांचाही वारस आहे. फरक प्रमाणाचा. सादेलीचा कारागीर पेटीची कातडी सजवीत होता. हा सर्व देहच तुकड्यांचा करितो.

आतां विरोधी पक्षाचें म्हणणें ऐकूं. अमेरिकेंत ह्या कलेला मान मिळवून देणारे जे आद्य पुरुष, ते सगळे अखंड लांकडाचे भक्त होते. जेम्स प्रेस्टिनी (१९०८–१९९३) यांनीं कागदाइतके पातळ वाटावेत असे वाडगे कातले. बर्कलेचे बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) यांनीं दूरदूरच्या देशांचीं दुर्मिळ लांकडें आणवून एकेक ओंडका असा उघडला कीं, झाडाच्या आयुष्याचीं वर्षें वाडग्याच्या पोटांत वलयें होऊन बसावींत. ह्या पंथाचा सिद्धान्त सरळ आहे : नक्षी झाडानें आधींच काढून ठेविली आहे, कातार्‍यानें फक्त ती दिसेल असा आकार शोधावा. त्यांच्या दृष्टीनें खंडजोड म्हणजे झाडाला बोलूं न देणें. मॅपलचा तुकडा तेथें केवळ 'पांढरा' म्हणून येतो, अक्रोडाचा 'तपकिरी' म्हणून, आफ्रिकेच्या वेंगेचा 'काळा' म्हणून. लांकूड हें लांकूड न राहतां रंगपेटींतली वडी होतें.

ह्या आक्षेपांत तथ्य आहे, पण तो पुरता लागू पडत नाहीं असें आमचें मत आहे. शब्दाला कोशांत जो अर्थ असतो त्यापेक्षां वाक्यांत तो निराळें काम करितो, म्हणून वाक्यानें शब्दाचा गळा दाबला असें आपण म्हणत नाहीं. प्रश्न असा कीं, जुळवाजुळव झाल्यावर कांहीं बोललें गेलें कीं नुसती जुळवाजुळवच झाली ? येथें आम्हांस आपल्या साहित्यशास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. मम्मटानें काव्याच्या तीन पायर्‍या लाविल्या : ध्वनि ज्यांत प्रधान तें उत्तम, ध्वनि ज्यांत गौण तें मध्यम, आणि शब्दार्थांचा नुसता चमत्कार ज्यांत आहे तें चित्रकाव्य, सर्वांत खालचें. कमलबंध, खड्गबंध हे त्यांतलेच प्रकार. कमळाच्या पाकळ्यांत अक्षरें बरोबर बसतात, वाचक बोटानें तीं ताडून पाहतो, चकित होतो, आणि दुसर्‍या दिवशीं त्याला त्या श्लोकांतलें एक अक्षरही आठवत नाहीं. आमच्या मोरोपंतांनींही ओठांचे वर्ण वगळून 'निरोष्ठ रामायण' रचलें. त्या करामतीला आम्ही नमस्कार करितों आणि वाचावयास 'केकावलि' घेतों. दोन्हीं ठिकाणीं हात एकच आहे, कसबही एकच आहे. पण एका ठिकाणीं तें कसब आर्ततेच्या चाकरीस लागलें आहे.

खंडजोड पात्रांपैकीं बहुतेक कमलबंधाच्या जातीचीं आहेत, हें आम्ही स्पष्टच सांगतों. त्यांची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे. पात्र दिवेलागणीला खिडकींत ठेवावें, म्हणजे रंग व नक्षी मावळतात आणि फक्त कडेची रेषा उरते. ती रेषा एकट्यानें उभी राहूं शकते काय ? पुष्कळ नांवाजलेलीं पात्रें ह्या कसोटीस उतरत नाहींत. खांदा जेथें वळावा तेथें वळत नाहीं, कारण तेथें एक कडें संपून दुसरें सुरू होतें. पोट फुगावें तितकें फुगत नाहीं, कारण कडें तेवढें रुंद कापलेलें नव्हतें. बुड जड राहतें, कारण तुकड्यांच्या हिशेबापुढें वजनाचा हिशेब कोणीं केलाच नाहीं. छायाचित्रांतून तर हें वजन मुळींच कळत नाहीं. त्यांतच तुकड्यांची संख्या नांवाखालीं मोठ्या अभिमानानें छापण्याची वाईट खोड ह्या पंथाला लागली आहे. महाकाव्याच्या मुखपृष्ठावर अक्षरांची बेरीज छापावी तसा हा प्रकार.

परंतु ह्याच पंथांत असेंही काम झालें आहे कीं, त्यापुढें टीकाकाराला थांबून विचार करावा लागतो. त्यांपैकीं अ‍ॅरिझोनाचे रे अ‍ॅलन यांचीं पात्रें आम्ही प्रथम घेतों. नैऋत्य अमेरिकेंतील मूळच्या रहिवाशांच्या, ज्यांना प्वेब्लो म्हणतात त्यांच्या, मातीच्या घड्यांवरून अ‍ॅलन यांनीं आपले आकार व नक्षी घेतली. ह्या घड्यांची परंपरा जुनी व थोर आहे. आकोमा गांवच्या कुंभारणी युक्का नांवाच्या झुडपाच्या पानाची कुंचली करून पांढर्‍या अंगावर केसासारख्या रेषा ओढतात. होपी लोकांत नाम्पेयो ह्या बाईनें (मृत्यु १९४२) प्राचीन सिक्यात्की खापरांवरून स्फूर्ति घेऊन एक लोपलेली शैली पुन्हां जिवंत केली. सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) आणि त्यांचे पति जुलियन यांनीं सुमारें १९१९ सालीं काळ्यावर काळें, चकचकीत अंगावर मंद नक्षी, असे घडे काढून जगाला थक्क केलें. आणि ह्या सगळ्यांची मुख्य गोष्ट ही कीं, त्यांच्याजवळ चाक नाहीं. मातीच्या वळकट्या एकीवर एक वेटोळीं घालून, हातानें दाबून आणि घासून, ते घडा वर चढवितात.

येथें एक मौजेची गोष्ट दिसते. खंडजोड कातार्‍याचें कडें आणि प्वेब्लो कुंभारणीची वळकटी हीं सख्खीं भावंडें आहेत ! दोघेही पात्र खालून वर, वेढ्यावर वेढा देऊन, वाढवितात. अ‍ॅलन यांनीं हें नातें कितपत जाणून घेतलें होतें कोण जाणे, पण त्यांच्या उत्तम घड्यांना जें बळ आहे तें ह्या नात्यांतून आलें आहे असें आम्हांस वाटतें. नुसती नक्षी उचलली असती तर तें अनुकरण ठरलें असतें. दुसरें असें कीं, सर्व कड्यांत तुकड्यांची संख्या एकच ठेविल्यामुळें नक्षी पात्राच्या देहाबरोबर श्वास घेते : पोटावर प्रत्येक तुकडा रुंदावतो, गळ्यापाशीं आवळतो, आणि पायर्‍यापायर्‍यांची ती आकृति कोणीं न ओढतां खांद्यावर ताणली जाते. रंगवणार्‍याला जें अंदाजानें साधावें लागतें तें येथें घडणीच्या नियमानेंच घडतें. पैठणीच्या पदरावरचा मोर पाहिलेल्यांस हें चटकन् समजेल. त्या मोराची मान जवळून पाहिली तर ती वांकडी नसून सरळ पायर्‍यांचीच आहे. मागाची अडचण हेंच त्या मोराचें रूप झालें आहे.

मात्र अ‍ॅलन यांच्या पात्रांविषयीं आमचें समाधान संपूर्ण नाहीं. हातानें वळलेल्या घड्याचें तोंड कधींही निखळ वर्तुळ नसतें. किंचित् एका अंगाला झुकलेलें असतें, आणि त्या झुकण्यांत करणारीचा हात राहतो. लेथ हें झुकणें काढून टाकितें. आकोमाची रेषा जेथें थरथरते तेथें अ‍ॅलनचा सांधा ताठ आहे. शिवाय त्या मूळ नक्षींत पाऊस, मेघ, वीज यांचीं चिन्हें आहेत. कोरड्या प्रदेशांतल्या लोकांच्या तीं प्रार्थना आहेत. परक्या माणसानें तीं घ्यावींत कीं नाहीं हा प्रश्न अमेरिकेंत आतां उघडपणें विचारला जातो, आणि तो योग्यच आहे. आमचें मत असें : आकार घेण्यास हरकत नाहीं, कारण आकार सर्व जगाचा आहे. पण ज्या चिन्हाचा अर्थ आपल्या घरांत कोणी जगत नाहीं, तें चिन्ह घेतांना कारागिरानें जपावें. अ‍ॅलन यांच्या ज्या पात्रांत नुसती पायर्‍यांची भूमिति आहे तीं आम्हांस त्यांच्या अधिक नटलेल्या पात्रांपेक्षां सरस वाटतात, त्याचें एक कारण हेंही असेल.

राहिली टिकाऊपणाची गोष्ट. टीकालेखांत ती काढावी कीं नाहीं अशी शंका येईल, पण जी कला सांध्यावर उभी आहे तिच्यांत सांधा टिकणें हा सौंदर्याचाच भाग आहे. लांकूड मेलें तरी हवेंतलें पाणी पितें आणि टाकतें. धाग्यांच्या लांबीच्या दिशेनें तें जवळजवळ हलत नाहीं. आडव्या दिशेनें मात्र ओल्याचें पुरतें सुकें होतांना शेंकडा पांच ते दहापर्यंत आकसतें. म्हणून कड्याचा परिघ स्थिर राहतो, पण त्याच्या आंत वीस सेंटिमीटरांची अखंड फळी बुड म्हणून घट्ट चिकटविली तर ती फळी पावसाळ्यांत तीनचार मिलिमीटर सहज फुगूं पाहते, कडें तिला जागा देत नाहीं, आणि दोहोंपैकीं एकास तडा जातो. अ‍ॅरिझोनाच्या कोरड्या हवेंत बनविलेलें असलें पात्र आषाढांत रत्नागिरीस आणून ठेविलें तर त्याची परीक्षा महिन्याभरांत व्हावी. शहाणे कारागीर बुडही खंडांचेंच करितात, किंवा मधल्या चकतीला खांचेंत मोकळी ठेवितात.

रंगांचें दुखणें ह्याहून खोल आहे. आफ्रिकेचें पडौक कापतांना शेंदरासारखें लाल असतें. उजेडांत वर्षें गेलीं कीं तपकिरी होतें. दक्षिण अमेरिकेचें जांभळें लांकूड, ज्याला पर्पलहार्ट म्हणतात, तेंही तसेंच मळकट होतें. मॅपल पिवळें पडतें, अक्रोड फिकें होतें. म्हणजे पांढरें काळ्याकडे चाललें आहे आणि काळें पांढर्‍याकडे ! ज्या पात्राचें सारें सौंदर्य दोन रंगांच्या विरोधावर उभें होतें, तें नातवंडांच्या काळीं एकरंगी होऊन त्यांच्यापुढें येणार. तेव्हां त्याजवळ स्वतःचा आकार असला तर तें वांचेल. हा हिशेब ध्यानांत घेऊन काम करणारे कारागीर मोजकेच. बहुतेकांची नजर पुढल्या प्रदर्शनापलीकडे जात नाहीं, आणि विकत घेणाराही तें विचारीत नाहीं.

शेवटीं न्यू मेक्सिकोचे बड लॅटव्हन यांचा उल्लेख केला पाहिजे. त्यांनीं प्रथम बंद भिंतींचीं, अत्यंत रेखीव खंडजोड पात्रें केलीं, आणि पुढें त्या रेखीवपणालाच हात घातला. त्यांच्या कित्येक पात्रांत भिंत वर चढतां चढतां विरळ होऊं लागते, तुकड्यातुकड्यांत मोकळी जागा शिरते, आणि काठापाशीं पात्र फुटून उडून जात आहे असें वाटतें. आतांपर्यंत ह्या पंथाची सगळी धडपड सांधा दिसूं नये यासाठीं होती. येथें सांधा सुटणें हाच विषय झाला. तुकडा आपल्या शेजार्‍याला सोडून केवळ खालच्या-वरच्या तुकड्याच्या टोंकावर तोलून राहतो, सरसाला धरावयास जेमतेम जागा मिळते, आणि त्या फटींतून उजेड आंत येतो. टिबेट्स यांनींही वाडग्याचा पिच्छा सोडून खंडांच्या पिळदार फिती केल्या आहेत. त्यांत चातुर्य उदंड आहे, पण पीळ कसा साधला ह्या कोड्यापुढें पाहणार्‍याचें मन सरकत नाहीं.

उघड्या घडणीचाही आतां सांचा होऊं लागला आहे. फटी मोजून मापून ठेविल्या जातात, त्यांचीही आंखणी संगणक करून देतो, आणि पात्राऐवजीं जाळीदार कंदील तयार होतो. लॅटव्हन यांच्या फुटत्या काठांना हा दोष लागत नाहीं, कारण त्यांच्या पात्रांतला तुकडा जेथें सुटावयास हवा तेथेंच सुटतो. तीं पाहतांना एकूण किती तुकडे लागले असतील हा प्रश्न मनांत येण्यापूर्वीं नजर काठावरून पलीकडे गेलेली असते.